२१४७४८३६४७ मूळ आहे, याची स्वतःच्या हाताने खात्री कशी करायची

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही संख्या मूळ आहे हे कुठल्याही यादीत वाचायला मिळते, आणि आपण ते वाचून पुढे जातो. इथे तसे करायचे नाही. चौकटीची वही, पेन आणि चार क्रियांचा साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, तर ही खात्री आपली आपल्याला करता येते. शाळेतले भाज्य-भाजक, वर्गमूळ आणि बाकी एवढे पक्के असले की पुरे.

मला या संख्येचे वेड लागले ते एका गोष्टीमुळे. तिला तपासायला बसले की काम सुरुवातीला डोंगराएवढे दिसते. पण संख्येचा घाट जसजसा ओळखीचा होत जातो, तसतसा तो डोंगर खचत जातो. कोट्यवधी भागाकारांपासून निघून आपण शेवटी एकोणतीस गुणाकारांवर येतो. प्रत्येक पायरीवर काम का कमी झाले, ते समजून घेतच पुढे जाऊ.

आधी संख्या स्वतः तयार करा

ही संख्या दोनाच्या घातांतून येते. २ चा १० वा घात १०२४. त्याचा वर्ग १०४८५७६, हा २० वा घात. त्याला पुन्हा १०२४ ने गुणले की १०७३७४१८२४, हा ३० वा घात. दुप्पट केली की २१४७४८३६४८. त्यातून १ वजा केला की आपली संख्या. वहीच्या पहिल्या पानावर हे चारही घात लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागतील. पुढे सोयीसाठी या संख्येला मी 'म' म्हणेन.

द्विमान पद्धतीत म म्हणजे ओळीने एकतीस वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. संगणकात चिन्हासह बत्तीस बिटांत मावणारी सर्वात मोठी पूर्णांक संख्या हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी जुनी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येवर पोचतील. पुढच्या सेकंदाला त्यांच्याजवळ जागा उरणार नाही.

दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक स्वतः मूळ असल्याशिवाय अशी संख्या मूळ होऊ शकत नाही. पण घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ होईलच असे नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते आहे २३ × ८९. हे २०४७ लक्षात ठेवा. आपली प्रत्येक युक्ती आधी त्याच्यावर करून पाहायची आहे. खोटी नोट कशी दिसते ते ठाऊक असले की खरी ओळखायला सोपे जाते.

छोटे भाजक बाद करा

म विषम आहे आणि शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६, म्हणजे ३ चाही भाग जात नाही.

७ साठी लांब भागाकार करू नका. दोनाचे घात ७ ने भागत गेलात तर बाक्या २, ४, १, २, ४, १ अशा फिरत राहतात. चक्र तीनाचे. ३१ ला ३ ने भागून बाकी १, म्हणजे ३१ व्या घाताची बाकी २ आणि म ची बाकी १. भाग जात नाही. ११ साठी चक्र दहाचे, तिथेही म ची बाकी १. हे चक्र नीट पाहून ठेवा. पुढची सगळी गंमत याच चक्रात आहे.

किती दूर जायचे?

कुठल्याही संयुक्त संख्येला तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसलेला एक तरी मूळ भाजक असतोच. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, तो म पेक्षा लहान. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, तो मोठा. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग गेला नाही, तर काम झाले.

४६३४० पर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला एक मिनिट धरले तरी ऐंशी तास. जिद्दीच्या माणसाला अशक्य नाही, पण अजून कुऱ्हाड चालवायला बरीच जागा आहे.

भाजकांचे कुळ ओळखा

ही पायरी मला सर्वात सुंदर वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

समजा 'भ' हा म चा एक मूळ भाजक आहे. मग २ च्या ३१ व्या घाताला भ ने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी, कारण म त्या घातापेक्षा एकानेच कमी आहे. म्हणजे दोनाच्या घातांच्या बाक्यांचे चक्र ३१ व्या घराला १ वर परत येते. चक्राची लांबी ३१ ला नेमके भागणारीच हवी. ३१ मूळ आहे, त्यामुळे लांबी एक तर १ किंवा ३१. लांबी १ असती तर २ ची बाकी १ आली असती, आणि ते शक्य नाही. म्हणून चक्र बरोबर ३१ घरांचे.

आता फर्माचा छोटा सिद्धांत आठवा. भ मूळ आणि विषम असेल तर २ च्या (भ − १) व्या घाताची बाकी नेहमी १ येते. म्हणजे (भ − १) घरे चालून गेल्यावरही चक्र १ वर येते. याचा अर्थ ३१ ने (भ − १) ला निःशेष भाग जातो. भ विषम असल्याने (भ − १) सम आहे. म्हणून ६२ ने भाग जातो. म चा प्रत्येक मूळ भाजक ६२ च्या पटीत १ मिळवून तयार झालेला असला पाहिजे.

२०४७ वर ताळा करू. तिथे घातांक ११, म्हणून भाजक २२ च्या पटीत १ मिळवलेले हवेत. २३ = २२ + १. ८९ = ८८ + १. ताळा जुळला.

अजून एक चाळणी आहे. ३१ व्या घाताची बाकी १ असेल तर ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात हा १६ व्या घाताचा, म्हणजे ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या हिशेबात २ ही एका वर्गाची बाकी ठरते. ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते, फक्त त्यांच्याच बाबतीत असे घडते. सिद्धता थोडी लांब आहे, इथे देत नाही, पण २०४७ पुन्हा साक्षीला येतो: २३ ची बाकी ७, ८९ ची बाकी १. हा ६५५३६ शेवटी पुन्हा भेटणार आहे.

दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजकांचे दोनच प्रकार उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवलेले, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवलेले. बाकी सगळ्यांना सुट्टी.

स्वित्झर्लंडचा गणिती लिओनार्ड ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला असताना याच वाटेने गेला आणि १७७२ मध्ये म मूळ असल्याचे त्याने बर्नुलीला पत्राने कळवले. त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आपण चष्मा पुसून, दिवा जवळ ओढून जे आकडे मांडतो, ते तो मनात धरून चालत होता, या विचाराने मी प्रत्येक वेळी थोडा वेळ गप्प होतो.

यादी करा आणि गाळा

यादी करायला गुणाकारही लागत नाही. ६३ पासून सुरू करा आणि आळीपाळीने १८६ व ६२ मिळवत जा:

६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९, १५५१ ...

शेवटची संख्या ४६१९१. एकूण ३७३ संख्या होतात. यांतल्या संयुक्त संख्या गाळायच्या, कारण आपल्याला मूळ भाजकच हवेत. ६३ लगेच गेला, २४९ ला ३ चा भाग जातो, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३, १२४१ म्हणजे १७ × ७३. ४६१९१ ला ३ चा भाग जातो. २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी चाळले की पुरते, कारण २१५ चा वर्ग ४६१९१ च्या पुढे जातो. त्यातही २ आणि ३१ वापरायची गरज नाही. यादीतली प्रत्येक संख्या विषम आहे आणि तिला ३१ ने भागले की बाकी १ च येते.

माझा सल्ला: हे गाळणे एका बैठकीत करू नका. एका ओळीत आठ संख्या, समासात भाजक, अशी मांडणी ठेवा आणि पन्नास-साठ झाल्या की उठा. दमलेल्या डोळ्यांना ७ आणि १३ चे भाजक हमखास निसटतात. एखादी संयुक्त संख्या चुकून यादीत राहिली तर नुकसान नाही, एक तपासणी वाढेल इतकेच. पण मूळ संख्या चुकून खोडली गेली, तर सगळी सिद्धता गेली. म्हणून भाजक सापडल्याशिवाय काट मारायची नाही, आणि भाजक समासात लिहायचाच.

गाळून झाल्यावर ऐंशीच्या आसपास संख्या उरतात. पहिली ३११, मग १३०३, मग १४८९.

बाकी काढायची रीत

आता ३११ घ्या. थेट भागाकारापेक्षा घातांतून गेलेले बरे, कारण आकडे लहान राहतात.

१०२४ ला ३११ ने भागून बाकी ९१. हा १० वा घात.
९१ चा वर्ग ८२८१. त्यातून ३११ × २६ = ८०८६ वजा केले की १९५. हा २० वा घात.
१९५ × ९१ = १७७४५. त्यातून ३११ × ५७ = १७७२७ गेले की १८. हा ३० वा घात.
दुप्पट ३६. हा ३१ वा घात.

इथे १ आला असता तर ३११ हा भाजक ठरला असता. आला ३६, म्हणून म ची बाकी ३५. ताळा कॅल्क्युलेटरवर करा: ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, आणि म मधून ते वजा केले की ३५ च उरतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले, तरच पुढच्या संख्येकडे जायचे.

१३०३ ला एक छोटी युक्ती. १०२४ ऐवजी उणे २७९ धरा, दोन्हींत फरक १३०३ चाच आहे. २७९ चा वर्ग ७७८४१, त्यातून १३०३ × ५९ = ७६८७७ वजा केले की ९६४, म्हणजेच उणे ३३९. उणे गुणिले उणे: ३३९ × २७९ = ९४५८१, बाकी ७६५. दुप्पट १५३०, म्हणजे २२७. म ची बाकी २२६. १४८९ ची बाकी १९९ येते, ती तुम्हीच करून पाहा.

एका संख्येला पाच मिनिटे धरली तर सगळे मिळून सात-एक तास. ऐंशी तासांचे सात तास झाले, आणि प्रत्येक ओळ आपल्या अक्षरात.

हे इतके जिवावर उदार होऊन का करायचे, याला इतिहासात उत्तर आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या कातालदी या गणितीने १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या खरोखर भागाकार करून मूळ ठरवल्या. मग २३, २९, ३१ आणि ३७ यांच्याही मूळ आहेत असे म्हणून टाकले. २३ च्या संख्येला ४७ ने भाग जातो. २९ च्या संख्येला २३३ ने. ३७ च्या संख्येला २२३ ने. चारांपैकी खरी निघाली एकच, आपली. पुढे १६४४ मध्ये मर्सेनने दिलेल्या यादीतही ३१ होता, आणि ६७ ही होता. पण ६७ व्या घाताची संख्या संयुक्त निघाली. १९०३ मध्ये फ्रँक कोलने तिचे अवयव दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

लुकास–लेमर कसोटी: एकोणतीस फेऱ्या

भाजक न शोधताही मर्सेन संख्या मूळ आहे का हे ठरवता येते. फ्रान्सच्या एदुआर लुकासने १८७० च्या दशकात ही वाट काढली, आणि अमेरिकेच्या डी. एच. लेमरने १९३० मध्ये तिला आजचे सुटसुटीत रूप दिले.

कृती अशी. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, संख्येने भागून बाकी ठेवा. ही एक फेरी. घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या फेऱ्या करा. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ. शून्य आले नाही तर संयुक्त, आणि त्यात शंकेला जागा नाही. ३१ साठी फेऱ्या २९.

भागाकाराची मेहनत वाचवणारी एक रीत आहे, तिला मी घडी घालणे म्हणतो. आधी १२७ वर शिका, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. इथे १२८ ची बाकी १ आहे. म्हणून कुठल्याही संख्येत १२८ किती वेळा बसतो ते मोजा आणि तो आकडा उरलेल्या भागात मिळवा. भागाकार संपला.

४ → १४ → १९४. त्यात १२८ एकदा बसतो, उरले ६६, मिळून ६७.
६७ चा वर्ग ४४८९. १२८ × ३५ = ४४८०, उरले ९. ३५ + ९ = ४४, वजा २ = ४२.
४२ चा वर्ग १७६४. १२८ × १३ = १६६४, उरले १००. ११३ वजा २ = १११.
१११ चा वर्ग १२३२१. १२८ × ९६ = १२२८८, उरले ३३. ९६ + ३३ = १२९, पुन्हा घडी घातली की २. वजा २ = ०.

पाच फेऱ्या, शेवटी शून्य. १२७ मूळ आहे.

आता आपली जुनी साक्षीदार २०४७. नऊ फेऱ्यांत येते: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. २३ आणि ८९ ठाऊक नसतानाही कळले की ती संयुक्त आहे.

म साठी घडी २१४७४८३६४८ ची. पहिल्या फेऱ्या सोप्या: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. पाचव्या फेरीत वर्ग एकोणीस अंकी होतो, आणि इथे सावध राहायला हवे. साधा कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट एवढे अंक धरत नाहीत. स्प्रेडशीट पंधरा ठळक अंक ठेवते आणि पुढे शून्ये भरते. पडद्यावर आकडा ऐटीत दिसतो, पण शेपूट खोटे असते. आपले सगळे काम तर त्या शेपटावरच चालते. हाताने करायचे असेल तर संख्येचे तुकडे करा: १४१६३१७ हजार आणि ९५४. दोघांचे वर्ग आणि दुप्पट गुणाकार वेगवेगळे काढून बेरीज करा. वर्ग येतो २००५९५६५४६८२२७४६११६. दोन वजा करा. त्यात २१४७४८३६४८ बसतो ९३४०९६३०७ वेळा, उरतात १८८३०५८१७८. बेरीज २८१७१५४४८५, त्यातून म वजा केला की ६६९६७०८३८. तुमचाही हाच आकडा आला तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात.

संगणकावर करायचे असेल तर पायथॉनसारखी भाषा घ्या, तिच्यात पूर्णांक कितीही मोठे चालतात. प्रोग्राम चार ओळींचा: एका जागेत ४ ठेवा, एकोणतीस वेळा वर्ग करून २ वजा करा, दर वेळी म ने भागून बाकी ठेवा, शेवटी छापा. पण फक्त शेवटचे शून्य छापू नका, प्रत्येक फेरी छापा. कारण अठ्ठाविसाव्या फेरीला जे दिसते ते पाहण्यासारखे आहे: ६५५३६.

तो तिथे का येतो, हे आता तुम्ही सांगू शकता. शेवटच्या फेरीत वर्ग करून २ वजा केल्यावर शून्य यायचे, म्हणजे वर्गाची बाकी २ हवी. ६५५३६ चा वर्ग हा ३२ वा घात, आणि ३१ व्या घाताची बाकी १ असल्याने ३२ व्याची २. म मूळ असल्यामुळे तिथे ६५५३६ किंवा म वजा ६५५३६ यांखेरीज दुसरे काही येऊच शकत नव्हते. भाजकांची चाळणी करताना ज्याच्या आधाराने निम्मे उमेदवार बाद केले, तोच आकडा सगळ्यात शेवटच्या दाराशी उभा आहे. १२७ च्या वेळी मागच्या फेरीला १११ होते, म्हणजे १२७ वजा १६, आणि १६ चा वर्ग २५६, बाकी २. तोच खेळ, फक्त चिन्ह उलटे.

आजही मोठ्या मर्सेन संख्यांवर शिक्कामोर्तब याच कसोटीने होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या विक्रमी संख्येचा घातांक १३६२७९८४१ आहे आणि तिचे अंक ४१०२४३२०.

एक फसवी कसोटी

बऱ्याच जणांचा हात पहिल्यांदा फर्माच्या कसोटीकडे जातो: २ चा (म − १) वा घात काढा, बाकी १ आली तर संख्या बहुधा मूळ. मर्सेन संख्यांवर दोनाचा पाया कधीही वापरू नका. घातांक मूळ असेल तर तिथे बाकी १ च येते, संख्या मूळ असो वा नसो. २०४७ वर पाहा: ११ व्या घातालाच बाकी १ आली, आणि २०४६ ही ११ ची पट आहे. मग १ येणारच. संयुक्त असूनही २०४७ या कसोटीत उत्तीर्ण होते. पाया ३ घेतला की ती लगेच पकडली जाते.

कुठल्याही संख्येसाठी चालणारी, पूर्ण खात्री देणारी आणि वेळेची हमी असलेली कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. आपल्या म ला तिची गरज नाही, पण असा शोध आपल्या देशातून निघाला याचा अभिमान मला लपवता येत नाही.

एकाने कमी करून पाहा

मूळ संख्येचा स्वभाव तिच्या आदल्या संख्येत दडलेला असतो. म − १ = २१४७४८३६४६. याचे अवयव पाडायला भीती वाटते, पण घाट ओळखला की पाच मिनिटांचे काम. ते म्हणजे २ × (३० वा घात − १), म्हणजे २ × ३२७६७ × ३२७६९. पुढे ३२७६७ = ७ × ३१ × १५१ आणि ३२७६९ = ९ × ११ × ३३१. म्हणून

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

यातून मूळ असण्याचा आणखी एक स्वतंत्र पुरावा मिळतो. ७ चे घात घ्या. (म − १) व्या घाताची बाकी १ येते. मग (म − १) ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेक भागून तेवढे घात काढा. सातही ठिकाणी बाकी १ येत नाही. म्हणजे ७ चे चक्र म − १ घरांचे आहे, त्यापेक्षा कमी नाही. एवढे लांब चक्र मूळ संख्येलाच शक्य असते. २ चे चक्र अवघे एकतीस घरांचे, आणि ७ चे दोन अब्जांहून जास्त.

त्या लांब चक्राचा उपयोग संगणकांनी केला. ७ चा ५ वा घात १६८०७. म − १ ला ५ ने भाग जात नाही, म्हणून १६८०७ चे चक्रही तितकेच लांब. कुठलीही संख्या घ्यायची, १६८०७ ने गुणायची, म ने भागून बाकी ठेवायची, आणि तीच पुन्हा गुणायची. आकडे फाशासारखे विखुरलेले दिसतात. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी असे यादृच्छिक, म्हणजे स्वैर वाटणारे आकडे बनवण्याचा किमान दर्जा म्हणून ही रीत सुचवली. गुप्त संदेशांसाठी ती अजिबात वापरू नये, कारण एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

या पायरीबरोबर परिपूर्ण संख्येचीही ओळख करून घ्या. २८ चे स्वतःखेरीज सगळे विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. युक्लिडने दाखवलेल्या रीतीने प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून अशी एक संख्या मिळते. म ला १०७३७४१८२४ ने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८, ही आठवी परिपूर्ण संख्या. १८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लोने लिहिले की हिच्यापुढची कोणी शोधायला जाणार नाही, कारण या संख्या नुसत्या नवलाच्या, उपयोग काही नाही. पुढच्या किती सापडल्या ते आपण जाणतोच.

आता शेवटचा सराव, घडी पक्की बसली आहे का ते पाहण्यासाठी. १ पासून सुरू करून १६८०७ ने गुणत चला. पहिला आकडा १६८०७, दुसरा २८२४७५२४९. तिसऱ्यासाठी गुणाकार ४७४७५६१५०९९४३. त्यात २१४७४८३६४८ बसतो २२१० वेळा, उरतात १६२२६४७८६३, मिळून १६२२६५००७३. चौथा ९८४९४३६५८. एवढे हाताने जमले की पुढचे प्रोग्रामवर सोपवा. दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ आला पाहिजे. नाही आला, तर आधी गुणाकाराची जागा तपासा: तो बत्तीस बिटांत कोंबला जात असेल, त्याला चौसष्ट बिटांची जागा द्या.